जठराम्ल कमी करणारी औषधे

जठरात स्रवणारे हायड्रोक्लोरिक आम्ल उदासीन करणाऱ्या किंवा त्याचा स्रावच रोखणाऱ्या औषधांना जठराम्ल कमी करणारी औषधे म्हणतात. जठराच्या किंवा ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, अस्तराला पडणारी खोल जखम म्हणजे पचनज व्रण होय. बोलीभाषेत त्यास अल्सर म्हणतात. पचनज व्रण, अन्ननलिकेत आम्ल चढल्याने होणारी जळजळ आणि जठरातील रक्तस्राव यांवरील उपचारांत ही औषधे वापरली जातात. आम्लविरोधके, एच-२ ग्राहीरोधके, प्रोटॉन पंप रोधके आणि पोटॅशियम-स्पर्धी आम्लरोधके असे त्यांचे चार मुख्य वर्ग आहेत.

या औषधांमुळे वेदना थांबतात व व्रण भरून येतो. मात्र व्रण ज्या कारणाने झाला ते कारण केवळ आम्ल कमी केल्याने दूर होत नाही. बहुतेक व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग किंवा वेदनाशामक औषधांचा वापर असतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड यांसारख्या ग्रामीण तालुक्यांत आम्ल कमी करणारी गोळी सहज मिळते, परंतु व्रणाचे कारण शोधणाऱ्या काही तपासण्यांसाठी शहर गाठावे लागते. त्यामुळे लक्षण दबणे आणि आजार बरा होणे यांतील फरक अशा भागांत विशेष महत्त्वाचा ठरतो.

नावे आणि संज्ञा

मराठीत छातीत जळजळ, आंबट किंवा करपट ढेकर, मळमळ आणि पोटाच्या वरच्या भागातील दुखणे या साऱ्या तक्रारींना ‘पित्त झाले’ असे म्हणण्याची रीत आहे. त्यावरूनच या औषधांना सर्रास ‘पित्ताची गोळी’ म्हटले जाते. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानात मात्र पित्तरस आणि जठराम्ल हे दोन वेगळे स्राव आहेत. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करतो. त्याची प्रकृती आम्लधर्मी नसते. जठराम्ल जठराच्या अस्तरातील पेशींतून स्रवते. ‘पित्ताची गोळी’ या नावाने दिली जाणारी औषधे जठराम्लावर कार्य करतात, पित्तरसावर नव्हे.

आयुर्वेदातील पित्त ही संकल्पना याहून व्यापक असून ती तीन दोषांपैकी एक आहे. ‘काश्यपसंहिता’ आणि ‘माधवनिदान’ या ग्रंथांत अम्लपित्त हा स्वतंत्र विकार म्हणून वर्णिलेला आहे. अन्न पचत असताना उद्भवणाऱ्या वेदनेस ‘माधवनिदाना’त परिणामशूल असे नाव आहे. या संज्ञांचा आजच्या निदानांशी तंतोतंत मेळ घालता येत नाही. तथापि जेवणाच्या वेळेशी निगडित पोटदुखीची दखल भारतीय वैद्यकात फार पूर्वीपासून घेतली गेली होती, हे त्यांवरून दिसते.

जठराम्ल आणि व्रण

प्रौढ व्यक्तीच्या जठरात दिवसाला सुमारे दीड ते दोन लिटर जठररस स्रवतो. रिकाम्या जठरातील रसाचा सामू साधारणपणे १ ते ३ असतो. या आम्लामुळे पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर कार्यक्षम होते, अन्नाबरोबर आलेले अनेक रोगजंतू मरतात आणि लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व यांच्या शोषणास मदत होते.

आम्ल निर्माण करणाऱ्या पेशींना पॅरिएटल पेशी म्हणतात. हिस्टामीन, ॲसिटिलकोलीन आणि गॅस्ट्रिन हे तीन रासायनिक संदेश त्यांना स्रावाची आज्ञा देतात. आज्ञा कोणत्याही मार्गाने आली तरी शेवटची पायरी एकच असते. पेशीच्या पृष्ठभागावरील प्रोटॉन पंप हे विकर हायड्रोजन आयन जठराच्या पोकळीत ढकलते व त्याच्या बदल्यात पोटॅशियम आयन आत घेते. कोणते औषध या साखळीच्या कोणत्या कडीवर आघात करते, यावर त्याचे सामर्थ्य अवलंबून असते.

इतक्या तीव्र आम्लात जठर स्वतःच पचून जात नाही, कारण त्याच्या अस्तरावर श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक असतो. अस्तराचा रक्तपुरवठा आणि झीज भरून काढण्याची क्षमता प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे टिकून राहते. हे संरक्षण ढासळले की आम्ल व पेप्सिन अस्तराला इजा करू लागतात आणि व्रण तयार होतो. व्रण खोल गेल्यास त्याखालील रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो किंवा जठराला अथवा ग्रहणीला आरपार छिद्र पडते.

इतिहास

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे विल्यम प्राऊट या इंग्रज वैद्याने १८२० च्या दशकात दाखवून दिले. १९१० मध्ये कार्ल श्वार्ट्झ यांनी आम्ल नसेल तर व्रणही नसतो, असे सूत्र मांडले आणि पुढील सात दशके व्रणाचा उपचार याच सूत्राभोवती फिरत राहिला. १९१५ मध्ये शिकागो येथील बर्ट्रम सिप्पी यांनी ठरावीक अंतराने दूध, साय आणि अल्कधर्मी चूर्णे देण्याची पद्धत सुचवली. १९४० च्या दशकात लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी जठराकडे जाणारी व्हेगस मज्जा छेदण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. प्रभावी औषधे येईपर्यंत जगभर, तसेच भारतातही, जुनाट व्रणाच्या असंख्य रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया होत असत.

स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६४ पासून हिस्टामीनची आम्लस्रावाची आज्ञा अडवणाऱ्या रेणूचा शोध सुरू केला. त्यातून निघालेले सिमेटिडीन १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले. व्रणासाठी शस्त्रक्रिया टाळणारी गोळी प्रथमच उपलब्ध झाली. १९८१ मध्ये रॅनिटिडीन आले. ब्लॅक यांना १९८८ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासमवेत मिळाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये विकसित झालेले ओमेप्राझोल हे पहिले प्रोटॉन पंप रोधक विक्रीस आले.

दरम्यान १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरशोथ व व्रण असलेल्या रुग्णांच्या जठरात आढळणारा सर्पिलाकार जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्यात यश मिळवले. तीव्र आम्लात जिवाणू तग धरू शकत नाहीत, अशी तोवरची समजूत होती. १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतःच या जिवाणूचे संवर्ध पिऊन जठरशोथ ओढवून घेतला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने जिवाणूबाधित व्रणरुग्णांना प्रतिजैविके द्यावीत अशी शिफारस केली. मार्शल व वॉरन यांना २००५ चा नोबेल पुरस्कार मिळाला. आयुष्यभर साथ करणारा मानला गेलेला व्रण या शोधामुळे कायमचा बरा होऊ शकणारा आजार ठरला.

भारतात व्रणाच्या कारणांचा शोध आहाराच्या अंगानेही घेतला गेला. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशाच्या भात खाणाऱ्या भागांत व्रण अधिक, तर गहू खाणाऱ्या उत्तर भारतात कमी आढळतो, अशी मांडणी केली. पोळी किंवा रोटी अधिक चावावी लागत असल्याने लाळ अधिक मिसळते व तिचे संरक्षण मिळते, असा त्यांचा तर्क होता. हे. पायलोरीच्या शोधानंतर आहाराचे स्थान दुय्यम ठरले. मात्र या जिवाणूचा संसर्ग देशात सर्वत्र मोठ्या प्रमाणावर असूनही व्रणाचे प्रमाण सर्वत्र सारखे का नाही, हा प्रश्न अभ्यासकांपुढे राहिला.

औषधांचे वर्ग

आम्लविरोधके: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट आणि सोडियम बायकार्बोनेट ही औषधे जठरात आधीच असलेल्या आम्लाशी थेट अभिक्रिया करून ते उदासीन करतात. परिणाम काही मिनिटांत दिसतो, परंतु रिकाम्या पोटी घेतल्यास अर्धा-पाऊण तासात ओसरतो. मॅग्नेशियमच्या क्षारांनी जुलाब, तर ॲल्युमिनियमच्या क्षारांनी बद्धकोष्ठ होतो. म्हणून पातळ औषधांत बहुधा दोन्ही एकत्र असतात. खाण्याचा सोडा हे सोडियम बायकार्बोनेटच असून त्यातील सोडियममुळे उच्च रक्तदाब व हृदयविकाराच्या रुग्णांना तो वारंवार घेणे अपायकारक ठरते. थंड दूध हा घरगुती उपाय प्रथम आराम देतो, पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे काही वेळाने आम्लस्राव पुन्हा वाढतो.

एच-२ ग्राहीरोधके: सिमेटिडीन, रॅनिटिडीन, फॅमोटिडीन आणि निझाटिडीन ही औषधे हिस्टामीनला पॅरिएटल पेशीवरील त्याच्या ग्राहीशी जोडले जाऊ देत नाहीत. रात्रीच्या आम्लस्रावावर त्यांचा चांगला परिणाम होतो. मात्र आज्ञेचे इतर दोन मार्ग खुले राहतात आणि काही दिवसांच्या सलग वापराने त्यांचा प्रभाव घटतो. सिमेटिडीनमुळे यकृतातील विकरांचे कार्य मंदावून इतर अनेक औषधांची रक्तातील पातळी वाढते, म्हणून त्याचा वापर मागे पडला.

प्रोटॉन पंप रोधके: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, लान्सोप्राझोल आणि इसोमेप्राझोल ही औषधे साखळीची शेवटची कडीच बंद करतात. ती गिळताना निष्क्रिय असतात. आतड्यातून शोषली जाऊन रक्तावाटे पॅरिएटल पेशीपर्यंत पोहोचल्यावर आम्लाच्या सान्निध्यात ती सक्रिय होतात आणि चालू असलेल्या पंपाशी घट्ट जोडली जातात. औषध रक्तातून एक-दोन तासांत कमी होत असले तरी पेशीला नवे पंप तयार करावे लागत असल्याने परिणाम सुमारे दिवसभर टिकतो. अन्न पोटात आले की पंप कामाला लागतात; म्हणून ही गोळी जेवणापूर्वी ३० ते ६० मिनिटे घेतल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. पूर्ण परिणामास तीन ते पाच दिवस लागतात. गोळीवरील आवरण आम्लापासून औषधाचे रक्षण करते, म्हणून ती चावून किंवा कुटून घेतली जात नाही. ग्रहणीतील व्रणासाठी सामान्यतः चार आठवडे आणि जठरातील व्रणासाठी आठ आठवडे औषध दिले जाते.

पोटॅशियम-स्पर्धी आम्लरोधके: हा नवा वर्ग आहे. जपानमध्ये २०१४ मध्ये मान्यता मिळालेले व्होनोप्राझान हे त्यातील प्रमुख औषध होय. ते पंपावरील पोटॅशियमची जागा अडवते, पहिल्याच दिवशी परिणाम दाखवते आणि जेवणाच्या वेळेवर फारसे अवलंबून नसते.

सुक्राल्फेट आणि बिस्मथचे क्षार व्रणाच्या उपचारांत वापरले जात असले तरी ते मुख्यतः आम्ल कमी न करता व्रणाचे रक्षण करतात. बिस्मथ जिवाणूविरुद्धही कार्य करते.

कारणावरील उपचार

हे. पायलोरीचा संसर्ग बहुधा बालपणी कुटुंबातच होतो. दाटीची घरे, अपुरी स्वच्छता आणि दूषित पाणी यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. भारतातील निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जिवाणू असल्याचे मानले जाते, परंतु त्यांपैकी थोड्यांनाच व्रण होतो. निदान श्वास चाचणी, शौचातील प्रतिजन चाचणी किंवा एंडोस्कोपीवेळी घेतलेल्या जठराच्या तुकड्याच्या परीक्षणाने होते. प्रोटॉन पंप रोधकांमुळे जिवाणूंची संख्या तात्पुरती घटते व तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते. म्हणून तपासणीपूर्वी ही औषधे दोन आठवडे बंद ठेवली जातात.

जिवाणू नष्ट करण्यासाठी एक प्रोटॉन पंप रोधक आणि किमान दोन प्रतिजैविके सामान्यतः १४ दिवस दिली जातात. ॲमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल आणि टेट्रासायक्लिन ही त्यांतील नेहमीची प्रतिजैविके असून काही उपचारक्रमांत बिस्मथही असते. भारतात मेट्रोनिडाझोल व क्लॅरिथ्रोमायसिन यांना जिवाणूंचा प्रतिरोध लक्षणीय असल्याने अर्धवट सोडलेला उपचार विशेष हानिकारक ठरतो. केवळ आम्ल कमी करून बरा केलेला जिवाणूजन्य ग्रहणीव्रण निम्म्याहून अधिक रुग्णांत वर्षभरात उलटतो. जिवाणू नष्ट झाल्यास उलटण्याचे प्रमाण फारच कमी होते.

दुसरे मोठे कारण वेदनाशामकांचे आहे. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. त्यामुळे वेदना शमते, परंतु जठराचे संरक्षणही कमी होते. हा परिणाम रक्तामार्फत होत असल्याने इंजेक्शन घेतल्याने जठर सुरक्षित राहते, ही समजूत चुकीची आहे. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत जठराला तुलनेने सुरक्षित असते. विडी-सिगारेटच्या धूम्रपानाने व्रण भरून येण्यास विलंब लागतो.

शहापूर आणि मुरबाड तालुके

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण व आदिवासी क्षेत्राचा मोठा भाग याच दोन तालुक्यांत आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमाती, तसेच कुणबी व आगरी समाज येथे राहतात. भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारावर नाचणी व वरी घेतली जाते.

आरोग्यसेवा: आदिवासी क्षेत्रासाठीच्या निकषानुसार ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित असते. त्यावरच्या पातळीवर शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाड येथे ग्रामीण रुग्णालय आहे. गंभीर रुग्णांना ठाणे येथील जिल्हा रुग्णालय किंवा कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय यांसारख्या मोठ्या रुग्णालयांकडे पाठवले जाते. शहापूरसाठी कल्याण–कसारा लोहमार्गावरील आसनगाव हे जवळचे स्थानक आहे. मुरबाड लोहमार्गावर नसल्याने तेथील वाहतूक कल्याणकडून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवलंबून असते. डोळखांब, कसारा, टोकावडे किंवा मोरोशी परिसरातील पाड्यांवरून निघालेल्या रुग्णाला मुख्य रस्ता गाठण्यासाठीच बराच वेळ लागू शकतो. व्रणाला छिद्र पडल्यास किंवा रक्तस्राव झाल्यास तासागणिक धोका वाढतो. त्यामुळे अशा ठिकाणी लक्षणे वेळीच ओळखण्याला शहराहून अधिक महत्त्व आहे.

शेती आणि वेदनाशामके: भाताच्या लावणीच्या काळात दिवसभर चिखलात वाकून काम करावे लागते. लावणी व कापणीच्या हंगामातील कंबरदुखी आणि सांधेदुखीवर किराणा दुकानातून किंवा औषधांच्या दुकानातून घेतलेली वेदनाशामके, अनेकदा रिकाम्या पोटी, खाल्ली जातात. त्यातून पोटात जळजळ सुरू झाली की ‘पित्ताची गोळी’ घेतली जाते आणि वेदनाशामक मात्र चालूच राहते. या चक्रात जळजळ दबली तरी व्रणाचे कारण कायम असते. वेदनाशामकांमुळे झालेला व्रण कित्येकदा, विशेषतः वृद्धांत, कोणतीही वेदना न होता थेट रक्तस्रावानेच प्रकट होतो. वेदनाशामक थांबवणे हा अशा व्रणावरील उपचाराचा पहिला भाग असतो. ते थांबवणे शक्य नसलेल्या, धोका अधिक असलेल्या रुग्णांना त्याबरोबर प्रोटॉन पंप रोधक दिले जाते.

पाणी आणि संसर्ग: मुंबईला पाणी पुरवणारे भातसा व तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तरीही याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. शुद्ध पाण्याची टंचाई आणि लहान घरांतील दाटी ही हे. पायलोरीसह अनेक आंत्रसंसर्गांना पोषक परिस्थिती आहे. जठराम्ल हे रोगजंतूंविरुद्धचे शरीराचे पहिले संरक्षण असल्याने ते औषधांनी दीर्घकाळ कमी ठेवलेल्या व्यक्तीस दूषित पाण्यातून पटकी व इतर जुलाबांचे आजार होण्याची शक्यता वाढते. गॅस्ट्रोच्या साथी पावसाळ्यात येत असल्याने विनाकारण घेतलेली आम्लरोधक गोळी या काळात निरुपद्रवी राहत नाही.

स्थलांतर: भाताची कापणी आटोपल्यावर कातकरी व इतर भूमिहीन कुटुंबे भिवंडी, कल्याण आदी परिसरांतील वीटभट्ट्यांवर कामासाठी जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जिवाणूविरुद्धचा १४ दिवसांचा उपचार आणि त्यानंतर किमान चार आठवड्यांनी करावयाची फेरतपासणी या दोन्ही गोष्टी अशा स्थलांतरात निसटण्याची शक्यता असते. घरी असण्याच्या काळात उपचार पूर्ण करणे किंवा कामाच्या ठिकाणाजवळच्या आरोग्य केंद्रात तो चालू ठेवता येईल अशी चिठ्ठी रुग्णाजवळ असणे, हे यावरचे व्यवहार्य मार्ग आहेत.

मण्यारदंशाशी गल्लत: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीस मण्यार हा विषारी साप रात्री चावल्यास दंशाची खूण दिसत नाही व वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात तीव्र दुखणे आणि उलटी ही त्याची पहिली लक्षणे असू शकतात. ती ‘पित्ता’ची समजून आम्लविरोधक देऊन थांबल्यास मौल्यवान वेळ वाया जातो. पापण्या जड होऊन मिटू लागणे, गिळताना किंवा बोलताना त्रास होणे आणि धाप लागणे ही मज्जासंस्थेवरील विषाची चिन्हे असून सर्पविषरोधक लस व आवश्यकता पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास हाच त्यावरील उपचार आहे.

दुष्परिणाम आणि अतिवापर

अल्पकाळ आणि योग्य कारणासाठी घेतल्यास ही औषधे बहुतांशी सुरक्षित आहेत. डोकेदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ असे सौम्य त्रास काहींना होतात. प्रोटॉन पंप रोधकांच्या दीर्घकालीन वापराने ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची कमतरता होऊ शकते. अस्थिभंगाशी त्यांचा संबंध काही पाहण्यांत आढळला आहे आणि क्वचित मूत्रपिंडाला दाह होतो. वनस्पतिजन्य आहारातील लोहाचे शोषण आम्लावर अवलंबून असल्याने रक्तक्षय असलेल्या स्त्रियांत अनावश्यक आम्लरोधके लोहाच्या उपचारात अडसर ठरू शकतात. ओमेप्राझोलमुळे हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा प्रभाव घटतो. आम्लविरोधके लोहाच्या गोळ्या व टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके यांच्या शोषणात बाधा आणत असल्याने ती काही तासांच्या अंतराने घेतली जातात.

कित्येक आठवडे घेतलेले प्रोटॉन पंप रोधक एकदम बंद केल्यास आम्लस्राव काही काळ पूर्वीपेक्षा वाढतो व जळजळ परतते. आजार उलटला असे समजून रुग्ण गोळी पुन्हा सुरू करतो आणि ती वर्षानुवर्षे चालू राहते. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करून हे टाळता येते. जठराच्या कर्करोगाची आरंभीची लक्षणेही या औषधांनी दबू शकतात, म्हणून उतारवयात प्रथमच सुरू झालेल्या तक्रारीत आधी तपासणी महत्त्वाची मानली जाते.

भारतातील उपलब्धता

१९७० च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधाच्या रेणूला नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळत असे. २००५ पर्यंत टिकलेल्या या तरतुदीमुळे भारतीय कंपन्यांनी रॅनिटिडीन, ओमेप्राझोल आदी औषधे वेगळ्या प्रक्रियांनी बनवून अल्प किमतीत उपलब्ध केली. २००८ मध्ये सुरू झालेल्या जन औषधी योजनेच्या केंद्रांतही ही औषधे मूळ नावाने स्वस्तात मिळतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत.

प्रोटॉन पंप रोधके औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’ मध्ये असल्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकणे अपेक्षित आहे; व्यवहारात ती चिठ्ठीविना सर्रास विकली जातात. २०१९ मध्ये रॅनिटिडीनच्या काही नमुन्यांत एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक द्रव्य आढळले आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढण्यास सांगितले. भारताच्या सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून रॅनिटिडीन वगळण्यात आले.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास आम्ल कमी करणारे औषध घेऊन वाट पाहणे धोक्याचे असते व रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

• रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी.
• डांबरासारखी काळी, चिकट व दुर्गंधीयुक्त शौच. लोहाच्या गोळ्या व बिस्मथ यांमुळेही शौचाचा रंग काळा होतो. मात्र चिकटपणा, चक्कर किंवा थकवा असल्यास रक्तस्रावाची शक्यता गृहीत धरली जाते.
• अचानक उठलेली असह्य पोटदुखी आणि फळीसारखे कडक झालेले पोट. हे छिद्र पडल्याचे लक्षण असून त्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते.
• छातीत दाबल्यासारखे दुखणे, घाम आणि डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी वेदना. हृदयविकाराचा झटका अनेकदा ‘पित्त’ समजून दुर्लक्षिला जातो.

कारण नसताना घटणारे वजन, गिळण्यास त्रास, सतत उलट्या आणि रक्तक्षय ही लक्षणे तातडीची नसली तरी एंडोस्कोपीची गरज दर्शवतात.

हे सुद्धा पाहा

• जठर
• पचनज व्रण
• हेलिकोबॅक्टर पायलोरी
• एंडोस्कोपी
• शहापूर तालुका
• मुरबाड तालुका